स्थलांतरिताचे गणगोत पडद्यावर: ‘नेटवर्क कॅनव्हास’ वापरताना

परक्या देशात आलेला माणूस तिथे कितपत रुळला आहे, हे ठरवण्याची सर्वेक्षणांतली रूढ पद्धत सोपी आहे. त्याला तिथली भाषा किती येते, काम कोणते मिळाले, स्थानिक मित्र किती आहेत, असे प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना गुण द्यायचे. या पद्धतीत मित्रांची संख्या हाती लागते. ते मित्र एकमेकांना ओळखतात का, त्यांची गाठ कोणामुळे पडली आणि अडचणीच्या वेळी त्यांतले नेमके कोण धावून येते, हे मात्र कळत नाही. स्थलांतराच्या समाजशास्त्रात व्यक्तिगत नातेजाळ्यांचा अभ्यास सुरू झाला तो ही उणीव भरून काढण्यासाठी, आणि तो करणाऱ्या प्रत्येकाला एकाच व्यवहारी प्रश्नाने छळले आहे: वीस-तीस माणसांची नावे, प्रत्येकाविषयीची माहिती आणि त्यांचे आपसांतले संबंध एवढे सगळे एका बैठकीत, समोरच्याला न थकवता, नोंदवून कसे घ्यायचे? नेटवर्क कॅनव्हास हे सॉफ्टवेअर या कामासाठी तयार झाले आहे. स्थलांतरितांच्या मुलाखतींसाठी मी ते गेली दोन वर्षे वापरते आहे, आणि हे परीक्षण अशाच प्रकारचे क्षेत्रकार्य हाती घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकांसाठी लिहिते आहे.

आधी ओळख करून देते. नेटवर्क कॅनव्हास मोफत आणि मुक्तस्रोत आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांच्या सहकार्यातून ते उभे राहिले, आणि त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे, म्हणजे ‘एनआयएच’चे, अर्थसाहाय्य मिळाले. त्याचा जन्म आरोग्य-संशोधनात, विशेषतः एचआयव्हीचा प्रसार आणि माणसांचे परस्परसंबंध यांच्या अभ्यासात झाला. स्थलांतर हा त्याच्या निर्मात्यांचा मूळ विषय नव्हे. त्याचे दोन मुख्य भाग आहेत. ‘आर्किटेक्ट’ या भागात संशोधक मुलाखतीचा आराखडा तयार करतो: कोणत्या टप्प्यावर कोणता प्रश्न, कोणत्या उत्तरानंतर कोणता टप्पा वगळायचा, कोणती माहिती अनिवार्य, हे सगळे तिथे ठरते. ‘इंटरव्ह्यूअर’ हा भाग टॅब्लेटवर किंवा संगणकावर तो आराखडा चालवतो. पुढे ‘फ्रेस्को’ नावाचा तिसरा भागही आला, ज्यात ब्राउझरमधून मुलाखत घेता येते. हे सगळे वापरायला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. संगणकाची जेमतेम सवय असलेल्या व्यक्तीलाही आर्किटेक्टमध्ये दोन-तीन दिवसांत चांगला आराखडा बांधता येतो, असा माझा अनुभव आहे.

ही कल्पना अचानक आलेली नाही. माणसे बिंदूंनी आणि संबंध रेषांनी दाखवणारे सोशिओग्राम जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात रूढ केले. पुढे बर्नी होगन, हुआन अँतोनियो कारास्को आणि बॅरी वेलमन यांनी २००७मध्ये अशी पद्धत मांडली की, मुलाखत देणाऱ्यानेच चिकट कागदाच्या लहान चिठ्ठ्यांवर नावे लिहावीत, त्या एकात एक असलेल्या वर्तुळांच्या तक्त्यावर जवळ-दूर लावाव्यात आणि स्वतःच्या हाताने रेषा ओढाव्यात. होगन पुढे नेटवर्क कॅनव्हासच्या निर्मात्यांमध्येही होते, आणि त्या कागदी तक्त्याचा वारसा या सॉफ्टवेअरमध्ये स्पष्ट दिसतो. दुसरा वारसा आहे व्यक्तिगत जाळी नोंदवणाऱ्या ‘इगोनेट’ या जुन्या सॉफ्टवेअरचा. ख्रिस्तोफर मॅकार्टी, होसे लुईस मोलिना, मिरांडा लुबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्सिलोना आणि न्यूयॉर्क परिसरातील स्थलांतरितांचा जो मोठा अभ्यास केला, त्यात प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या ४५ व्यक्तींची नावे विचारली होती. ४५ व्यक्ती म्हणजे ९९० जोड्या. आणि प्रत्येक जोडीबाबत ‘हे दोघे एकमेकांच्या संपर्कात असतील का’ हा प्रश्न. त्या अभ्यासाने स्थलांतरितांच्या जाळ्यांविषयी आपल्याला फार काही शिकवले. परंतु दिवसभराची पाळी संपवून आलेल्या माणसासमोर ९९० प्रश्न ठेवायचे म्हणजे त्याच्या सौजन्याची मोठीच परीक्षा असते, आणि कोणतेही नवे साधन जोखताना मी पहिल्यांदा तेवढेच पाहते: मुलाखत देणाऱ्याच्या थकव्याची काळजी कोणी घेतली आहे का?

जाळ्याची रचना कळण्याला एवढे महत्त्व का, हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगते. स्वकीय आणि इतर यांच्याशी असलेल्या संबंधांचे प्रमाण मोजण्यासाठी ‘ई-आय निर्देशांक’ वापरतात. डेव्हिड क्रॅकहार्ट आणि रॉबर्ट स्टर्न यांनी तो १९८८मध्ये मांडला. बाहेरच्यांशी असलेल्या संबंधांतून आतल्यांशी असलेले संबंध वजा करायचे आणि एकूण संबंधांनी भागायचे. उत्तर उणे एक ते अधिक एक या दरम्यान येते. समजा, दोन स्थलांतरित स्त्रियांनी प्रत्येकी २० नावे सांगितली, आणि दोघींच्याही यादीत १४ जण स्वतःच्या देशाचे व ६ जण स्थानिक आहेत. दोघींचा निर्देशांक उणे ०.४. सर्वेक्षणाच्या दृष्टीने दोघी सारख्याच रुळल्या. आता जाळे पाहा. पहिलीचे सहाही स्थानिक परिचित एकाच कार्यालयातले आहेत, ते एकमेकांना ओळखतात, आणि तिच्या १४ स्वकीयांपैकी एकालाही ओळखत नाहीत. दुसरीचे सहा जण सहा वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत: एक शेजारीण, एक मुलाच्या वर्गमित्राची आई, एक जुनी घरमालकीण वगैरे, आणि या सहांपैकी चौघांचे तिच्या देशबांधवांकडेही जाणे-येणे आहे. पहिलीची नोकरी सुटली तर तिचे सगळे स्थानिक संबंध एका दिवसात सुटण्याचा धोका आहे. दुसरीचे संबंध कोणत्याही एका धाग्यावर लोंबकळत नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये क्षीण संबंधांची, म्हणजे जुजबी ओळखींची, ताकद दाखवून दिली, रॉबर्ट पटनम यांनी घट्ट बांधून ठेवणारे आणि पूल बांधणारे असे सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार लोकांपर्यंत पोहोचवले. पण यांपैकी कोणतीही कल्पना स्थलांतरितांना लावायची, तर आधी समोरच्या माणसाचे जाळे मांडलेले असावे लागते. नुसत्या यादीवरून ते दिसत नाही.

नेटवर्क कॅनव्हासची खरी गुणवत्ता इथे जाणवते, कारण हे जाळे मुलाखत चालू असतानाच, आणि मुलाखत देणाऱ्याच्याच हाताने, पडद्यावर उमटते. प्रथम नावे घेतली जातात आणि प्रत्येक नावाचे एक लहान वर्तुळ तयार होते. नंतर ती वर्तुळे बोटाने ओढून गटांत टाकायची असतात: कोण आपल्या देशातले, कोण इथले, कोण तिसऱ्याच देशातून आलेले. मग उतरत्या क्रमाच्या रकान्यांत टाकायची: कोणाशी रोज बोलणे होते, कोणाशी महिन्यातून एकदा. शेवटी सोशिओग्रामच्या पडद्यावर ती जवळ-दूर ठेवायची आणि एकमेकांना ओळखणाऱ्या दोघांवर क्रमाने बोट टेकले की त्यांच्यात रेषा येते. कागदी प्रश्नावलीत हेच काम करताना मुलाखतकार मान खाली घालून तक्ते भरत असतो आणि समोरचा माणूस वाट पाहत बसतो. इथे टॅब्लेट दोघांच्या मध्ये असतो आणि बहुतेक वेळा समोरचाच तो स्वतःकडे ओढून घेतो.

एक प्रसंग सांगावासा वाटतो. वयस्कर लोकांची शुश्रूषा करणाऱ्या एका स्थलांतरित बाईंनी आपले जाळे मांडून पूर्ण केले आणि त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. डावीकडे त्यांच्या भाषेची माणसे एकमेकांत गुंतलेली होती, उजवीकडे कामावरची माणसे, आणि दोहोंच्या मध्ये एकच वर्तुळ होते. ते त्यांच्या पहिल्या खोलीसोबतिणीचे. ‘हिच्यामुळेच तर सगळे झाले,’ त्या म्हणाल्या, ‘आणि हिला मी वर्षभरात फोन केलेला नाही.’ त्यापुढची वीस मिनिटे त्या खोलीसोबतिणीविषयी बोलत होत्या, आणि नोकरी कशी मिळते, भाडेकरार कोणाच्या शब्दावर होतो, कोणत्या कचेरीत कोणत्या खिडकीशी जायचे हे कोण शिकवते, यांविषयी त्या वीस मिनिटांत मला जे कळले ते माझ्या प्रश्नावलीतल्या कोणत्याही प्रश्नाने कळले नसते. म्हणून माझा आग्रह असा की, सोशिओग्राम पूर्ण झाल्यावर मुलाखत संपवू नये. सॉफ्टवेअरमध्ये ‘नॅरेटिव्ह’ नावाचा एक टप्पा आहे, ज्यात तयार जाळे समोर ठेवून त्यावर नुसते बोलता येते. पुष्कळजण वेळ वाचवण्यासाठी तो वगळतात. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातील तोच सर्वांत मोलाचा टप्पा आहे, आणि त्या वेळी ध्वनिमुद्रण चालू असावे.

आता नावे विचारण्याच्या टप्प्याकडे वळते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते आणि इथे साधन आपल्याला फारसे वाचवू शकत नाही. ‘महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कोणाशी बोलता?’ असे विचारले की जवळचे आणि बहुधा स्वकीयच पुढे येतात. ‘गेल्या महिन्यात कोणी तुम्हाला एखादा अर्ज भरून दिला, कोणी मुलांना सांभाळले, कोणी पैसे उसने दिले?’ असे विचारले की वेगळीच माणसे उगवतात. म्हणजे स्थलांतरित किती मिसळला आहे, याचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या शब्दांतच अर्धे ठरून जाते. नेटवर्क कॅनव्हासमध्ये एकाच टप्प्यात असे अनेक प्रश्न एकापाठोपाठ ठेवता येतात, आणि आधी सांगितलेले नाव पुढच्या प्रश्नालाही लागू असेल तर तेच वर्तुळ उचलून पुन्हा टाकता येते. ही सोय साधी दिसते, पण तिच्यामुळे एकच व्यक्ती दोनदा नोंदली जाण्याची चूक मोठ्या प्रमाणात टळते, आणि एकच माणूस किती प्रकारची मदत करतो हेही आपोआप नोंदले जाते.

याच संदर्भात नाव टिपण्याच्या ‘क्विक ॲड’ या प्रकाराची मी विशेष शिफारस करते. त्यात फक्त नाव लिहायचे असते. वय, देश, नाते वगैरे माहिती नंतरच्या टप्प्यांत घेतली जाते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नावाबरोबर एक पूर्ण फॉर्म उघडतो. फॉर्मचा प्रकार नीटनेटका वाटला, तरी तो टाळावा, असे मला ठामपणे वाटते, आणि त्यामागे या विद्याशाखेला बसलेला एक धडा आहे. अमेरिकेच्या ‘जनरल सोशल सर्व्हे’ने १९८५मध्ये आणि पुन्हा २००४मध्ये लोकांना विचारले की, महत्त्वाच्या बाबी ते कोणाशी बोलतात. सरासरी नावांची संख्या २.९४ वरून २.०८ वर आल्याचे दिसले आणि अमेरिकी माणूस एकाकी होत चालल्याची मोठी चर्चा झाली. पुढे अँथनी पाइक आणि केनेथ सँचाग्रिन यांनी २०१३मध्ये दाखवून दिले की, मुलाखतकारांच्या प्रभावाचा त्या घटीत मोठा वाटा होता; काही मुलाखतकारांच्या नोंदींत नावे विलक्षण कमी येत होती. प्रत्येक नावामागे पुढच्या प्रश्नांची रांग लागते, हे एकदा मुलाखतकाराच्या किंवा उत्तर देणाऱ्याच्या लक्षात आले की, नावे कमी सांगण्याचा आणि कमी लिहिण्याचा मोह होतोच. स्थलांतरितांच्या बाबतीत तर ही चूक अधिक महागात पडते, कारण कमी नावे म्हणजे एकाकीपणा, आणि एकाकीपणा म्हणजे न रुळणे, असा निष्कर्ष आपण लगेच काढतो. सगळी नावे आधी आणि माहिती नंतर, हा क्रम या सॉफ्टवेअरमध्ये सहज पाळता येतो, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

परस्परसंबंध नोंदवण्याच्या दोन पद्धतींत मात्र निवड करावी लागते आणि ती सोपी नाही. सोशिओग्रामवर सगळी माणसे एकदम दिसतात आणि रेषा भराभर ओढल्या जातात. ‘डायड सेन्सस’ या दुसऱ्या पद्धतीत पडद्यावर एका वेळी एकच जोडी येते आणि तिच्याविषयी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगावे लागते. २० नावांच्या १९० जोड्या होतात, ३० नावांच्या ४३५. सोशिओग्राम माणसाला आवडतो, डायड सेन्सस कंटाळवाणा होतो, यात शंका नाही. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सोशिओग्रामवर दोन वर्तुळांमध्ये रेषा नसली, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात: ते दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, किंवा सांगणाऱ्याला त्या क्षणी ते सुचले नाही. डायड सेन्ससमधला नकार हा विचारपूर्वक दिलेला नकार असतो. स्वकीय आणि स्थानिक यांच्यामध्ये पूल आहे की नाही, हाच ज्याचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी हा फरक जिव्हाळ्याचा आहे, कारण असे पूल मुळातच थोडे असतात आणि दोन रेषा विसरल्या गेल्या तरी सगळे चित्र बदलते. मी शेवटी असा मार्ग काढला की, आधी सोशिओग्राम मोकळेपणी काढू द्यायचा आणि नंतर केवळ दोन गटांमधल्या जोड्यांबद्दल, चित्राकडे बोट दाखवत, तोंडी खात्री करून घ्यायची. याला शिस्त लागते, आणि सगळ्या मुलाखतकारांना ती सारखी शिकवावी लागते.

सोशिओग्रामच्या मागे वर्तुळांचा तक्ता ठेवण्याऐवजी आपल्याला हवे ते चित्र ठेवता येते, आणि स्थलांतराच्या अभ्यासकांसाठी ही सोय फार उपयोगाची आहे. एकात एक वर्तुळांचा तक्ता भावनिक जवळीक दाखवतो. रॉबर्ट कान आणि टोनी अँतोनुची यांच्या १९८०च्या मांडणीपासून तो वापरात आहे. पण स्थलांतरिताच्या आयुष्यात जवळीक आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. हजारो किलोमीटरवरची बहीण आतल्या वर्तुळात असते आणि भिंतीपलीकडचा शेजारी बाहेरच्या. म्हणून मी मागच्या चित्रात त्याच वर्तुळांचे तीन भाग पाडले: सोडलेला देश, आताचा देश आणि इतरत्र. प्रत्येक वर्तुळाची जागा आकड्यांत साठवली जात असल्याने पुढे विश्लेषणात जवळीक आणि ठिकाण ही दोन्ही वाचता येतात. मायदेशाशी टिकलेले संबंध हे नव्या देशात न रुळल्याचे लक्षण मानण्याची एक जुनी सवय आहे, आणि ती चुकीची आहे, हे या तिभागी चित्रांवरून मला पुनःपुन्हा दिसले. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झनान्येत्स्की यांनी १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध केलेल्या पोलिश शेतकऱ्यांच्या अभ्यासातही घरी लिहिलेली आणि घरून आलेली पत्रे हाच मोठा पुरावा होता. संबंधांची ही दुसरी बाजू समाजशास्त्राला तेव्हापासून ठाऊक आहे. सर्वेक्षणाच्या ठरीव रकान्यांत ती मावत नव्हती, एवढेच.

बिंदू हे केवळ माणसांचे असावेत, असेही बंधन नाही. आराखड्यात वेगवेगळ्या प्रकारचे बिंदू ठरवता येतात, त्यामुळे प्रार्थनास्थळ, कामगार संघटना, भाषावर्ग, दवाखाना यांनाही जाळ्यात जागा देता येते. अ‍ॅलिस्टेअर एजर आणि अ‍ॅलिसन स्ट्रँग यांनी २००८च्या आपल्या लेखात निर्वासितांच्या रुळण्याची जी चौकट मांडली, तिच्यात आपल्यांशी असलेले बंध आणि इतरांशी असलेले पूल यांबरोबर शासकीय व्यवस्थांशी असलेले दुवे असा तिसरा प्रकार आहे. पहिल्या दोन प्रकारांवर भरभरून संशोधन झाले आहे, तिसरा मात्र बहुतेक व्यक्तिगत जाळ्यांतून गळतो, कारण आपण फक्त माणसांची नावे विचारतो. मी संस्थांचा वेगळा टप्पा ठेवला, तेव्हा काहींच्या जाळ्यात तीस माणसे आणि एकही संस्था नाही, असे आढळले. अशा माणसाला मित्रपरिवार मोठा असला, तरी व्यवस्थेशी त्याचा प्रत्येक व्यवहार कोणाच्या तरी मध्यस्थीने चाललेला असतो.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. व्यक्तिगत जाळ्याच्या अभ्यासात संमती एकाची असते आणि माहिती तीस जणांची गोळा होते. त्या तीस जणांत कोणाचा राहण्याचा परवाना संपलेला असेल, कोणी नोंद न करता काम करत असेल. आणि कोणाला कोण ओळखते याचे नकाशे चुकीच्या हाती पडले, तर एका माणसावरून दुसऱ्यापर्यंत पोहोचणे अवघड राहत नाही. इंटरव्ह्यूअरमध्ये मुलाखतीची माहिती आपण बाहेर काढेपर्यंत त्याच उपकरणावर राहते, कोणत्याही दूरच्या सर्व्हरवर आपोआप जात नाही, ही रचना मला योग्य वाटते. मात्र याचाच अर्थ असा की, टॅब्लेट हरवला तर माहितीही हरवली, आणि ती कोणाला वाचता येऊ नये याची तजवीज संशोधकानेच करायची आहे. उपकरणाची संपूर्ण साठवण कूटबद्ध करणे, मजबूत पासवर्ड ठेवणे आणि दर दिवसाअखेर माहिती सुरक्षित ठिकाणी हलवून उपकरणावरून पुसणे, ही माझ्या मते किमान शिस्त आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्ण नावे घेऊच नयेत. टोपणनाव, आद्याक्षर, ‘खालच्या मजल्यावरची’, असे काहीही चालते. सांगणाऱ्याला माणूस ओळखू आला की पुरे. कायदेशीर स्थितीविषयीचा प्रश्न तर इतर व्यक्तींबाबत विचारूच नये. साधन तो रकाना सहज करून देते, म्हणून तो ठेवायलाच हवा असे नाही.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात: नेटवर्क कॅनव्हास माहिती गोळा करते, निर्देशांक काढून देत नाही. माहिती ‘सीएसव्ही’ आणि ‘ग्राफएमएल’ या स्वरूपांत बाहेर येते. पहिली ‘आर’सारख्या संख्याशास्त्रीय प्रणालीत आणि दुसरी ‘गेफी’सारख्या जाळे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ज्याला ‘आर’ची ओळख नाही, त्याने क्षेत्रकार्याला निघण्याआधी खोटी पाच जाळी भरून, ती बाहेर काढून, निदान घनता (शक्य असलेल्या जोड्यांपैकी प्रत्यक्ष जोडलेल्या किती, हे प्रमाण) आणि ई-आय निर्देशांक एकदा काढून पाहावा. आराखड्यातल्या चुका तिथेच उघड्या पडतात. शिवाय दोन वेगळ्या मुलाखतींत एकाच माणसाचे नाव मोकळेपणी लिहिले गेले, तर त्याचे दोन स्वतंत्र बिंदू होतात. एखाद्या संपूर्ण वस्तीचे एकत्र जाळे उभारायचे असेल, तर ते जुळवण्याचे काम हाताने करावे लागेल, आणि नावे गुप्त ठेवण्याच्या नियमाशी त्याचा थेट संघर्ष होईल. असा हेतू असलेल्यांनी हे आधीच ठरवावे.

फ्रेस्कोमुळे मुलाखतकाराशिवाय, नुसती लिंक पाठवून, लोकांकडून जाळी भरून घेणे शक्य झाले आहे. विखुरलेल्या समुदायांपर्यंत पोहोचण्यासाठी हे आकर्षक आहे, हे मला मान्य आहे. तरीही स्थलांतरितांच्या अभ्यासात मी त्याचा वापर जपूनच करीन. तो चालवायला स्वतःची वेब-व्यवस्था उभी करावी लागते आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपल्यावर येते, हे एक. दुसरे असे की, ज्याला नव्या देशाची लिपीही अजून सवयीची झालेली नाही, तो अशी लिंक उघडणार नाही किंवा चार नावे टाकून बंद करील. आणि ज्यांचे संबंध सर्वांत थोडे आहेत तेच आपल्या नमुन्यातून निसटतील. प्रश्न आपण हव्या त्या भाषेत लिहू शकतो, पण ‘मित्र’ म्हणजे कोण, ‘ओळखतो’ म्हणजे कितपत, हे समजावून सांगायला समोर माणूस लागतो. काही भाषांत एकाच शब्दात चुलतभाऊ आणि गावकरी दोन्ही येतात, आणि तो शब्द निघाला की मी थांबून विचारते.

एका बाबतीत मला हे साधन अपुरे पडले, आणि ती बाब या विषयाच्या गाभ्याची आहे. रुळणे ही वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया आहे. एका दिवसाच्या चित्रातून ती कळत नाही. लुबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमधील अर्जेंटिनी स्थलांतरितांच्या जाळ्यांचा दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतलेला मागोवा या दृष्टीने नमुनेदार आहे: जाळ्यातली माणसे बदलतात, आणि आकडा तेवढाच राहिला तरी आतली रचना बदललेली असू शकते. इंटरव्ह्यूअरमध्ये आधीपासून तयार असलेली यादी आराखड्याला जोडता येते, पण ती यादी त्या आराखड्यावर घेतलेल्या सगळ्या मुलाखतींना सारखीच असते. ज्याचे त्याचे मागचे जाळे दुसऱ्या भेटीत ज्याच्या त्याच्यापुढे ठेवायचे, तर प्रत्येकासाठी वेगळा आराखडा करावा लागतो. माझ्या दुसऱ्या फेरीसाठी मी तो खटाटोप केला नाही. पहिल्या फेरीतले प्रत्येकाचे चित्र मी कागदावर छापून पाकिटात बंद केले, दुसऱ्या भेटीत नवे जाळे नव्या नावांसह पूर्ण होऊ दिले, आणि मगच पाकीट उघडून जुने चित्र टॅब्लेटशेजारी ठेवले. कोणते वर्तुळ नाहीसे झाले, हे प्रत्येकाने स्वतःच आधी ओळखले. त्या शुश्रूषा करणाऱ्या बाईंच्या नव्या चित्रात खोलीसोबतिणीचे वर्तुळ होते, थोडे अधिक आत. मात्र दोन गटांच्या मध्ये आता ती एकटी नव्हती.